प्राप्तिकराच्या हिशेबात मुलांना स्थान किती?

नाशिक - जानेवारी महिना उजाडला, की सातपूर-अंबडमधील कारखाने, नाशिक रोडचे मुद्रणालय, ओझरचा विमान कारखाना, बँका आणि शाळा यांच्या लेखा विभागांत करबचतीच्या पुराव्यांचे गठ्ठे जमू लागतात. विम्याचे हप्ते, भविष्य निर्वाह निधी, गृहकर्जाचा दाखला आणि त्यांच्या जोडीला मुलांच्या शालेय शुल्काच्या पावत्या, असा हा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. मात्र, नवी करपद्धती स्वीकारलेल्या कर्मचाऱ्याला यांतील शुल्काच्या पावत्यांचा आता काहीही उपयोग उरलेला नाही. त्याला एक अपत्य असो, तीन असोत वा एकही नसो, समान वेतनावर त्याचा कर समानच राहतो.

मुलांचे संगोपन हा कुटुंबाचा सर्वांत मोठा आणि दीर्घकाळ चालणारा खर्च. हा खर्च करणाऱ्याची कर भरण्याची क्षमता निपुत्रिक करदात्यापेक्षा कमी असते, हे तत्त्व जगातील अनेक देशांच्या करकायद्यांनी मान्य केले आहे. भारतानेही ते एकेकाळी मान्य केले होते. ते तत्त्व अमलात कसे आणायचे, याबाबत मात्र प्रत्येक देशाने वेगळी वाट धरलेली दिसते. या वाटांचा आणि त्या पार्श्वभूमीवर नाशिककर पालकांच्या हाती नेमके काय पडते, याचा हा आढावा.

सवलतीचे चार प्रकार

करातून कुटुंबाला साह्य करण्याचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला प्रकार वजावटीचा. यात मुलांवरील खर्च किंवा ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा करून उरलेल्या उत्पन्नावर कर आकारला जातो. दुसरा प्रकार करसुटीचा. यात आधी कर काढला जातो आणि मग प्रत्येक अपत्यामागे ठरलेली रक्कम थेट करातून कमी केली जाते. तिसऱ्या प्रकारात कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न सदस्यसंख्येनुसार विभागून त्यावर कर ठरतो. चौथ्या प्रकारात करकायद्याला हात न लावता सरकार दरमहा थेट रक्कम पालकांच्या खात्यात जमा करते.

वरवर पाहता हे चारही मार्ग एकाच ठिकाणी पोचतात असे वाटते. प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे. समजा, एका मुलाच्या १२ हजार रुपयांच्या शुल्काला वजावट मिळाली. ज्या पालकाचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याचा ३,६०० रुपये कर वाचतो. पाच टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचे केवळ ६०० रुपये वाचतात आणि ज्याला करच लागू होत नाही, त्याच्या पदरात काहीही पडत नाही. मूल एक, शाळा एक, शुल्कही एकच. तरीही सरकारची मदत श्रीमंत घराला सर्वाधिक आणि गरीब घराला शून्य, असा हा उलटा क्रम आहे. करसुटीत ही तफावत कमी होते. कर शून्य असला तरी उरलेली सूट रोख स्वरूपात परत देण्याची तरतूद असेल, तर ती आणखी घटते. थेट रकमेत ती राहत नाही.

चिंतामणरावांचा अर्थसंकल्प

भारतीय प्राप्तिकरात कुटुंबाचा विचार करण्याचा एक महत्त्वाचा टप्पा एका मराठी अर्थमंत्र्याच्या नावावर आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळील नाते या गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहित व अविवाहित करदात्यांसाठी वेगवेगळी करमुक्त मर्यादा ठेवली. विवाहितांना दोन हजार रुपयांपर्यंतचे, तर अविवाहितांना एक हजार रुपयांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त झाले. संसाराचा भार वाहणाऱ्यावर कराचा भार हलका असावा, हा त्यामागील सरळ विचार होता.

त्यापुढचे पाऊल लवकरच पडले. १९५८ च्या दरांनुसार अपत्य नसलेल्या विवाहित करदात्याला तीन हजार रुपये, एक अपत्य असलेल्याला ३,३०० रुपये आणि त्याहून अधिक अपत्ये असलेल्याला ३,६०० रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. म्हणजे सवलत मुलांच्या संख्येशी थेट जोडलेली होती आणि ती दोन अपत्यांवर थांबत होती. पुढे ही व्यवस्था रद्द झाली व सर्व व्यक्तींना एकच मर्यादा लागू झाली. दोन अपत्यांची अट मात्र करकायद्यात वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानण्याची आणखी एक रीत भारतात आहे. ती म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. वडिलोपार्जित मालमत्तेचे उत्पन्न असलेल्या अशा कुटुंबाला स्वतंत्र पॅन क्रमांक आणि स्वतंत्र करमुक्त मर्यादा मिळते. परंतु ही सोय मालमत्तेशी निगडित आहे, मुलांच्या संगोपनाशी नव्हे. वेतनावर जगणाऱ्या घराला तिचा फारसा लाभ होत नाही. कारण नोकरदाराचे वेतन हे त्याचे वैयक्तिक उत्पन्न मानले जाते.

जुन्या पद्धतीतील सवलती

मुलांशी संबंधित ज्या सवलती आज ऐकिवात आहेत, त्यांतील बहुतेक केवळ जुन्या करपद्धतीत मिळतात. त्यांत सर्वाधिक वापरली जाणारी सवलत शिक्षण शुल्काची. २००३ च्या अर्थसंकल्पात दोन अपत्यांपर्यंत प्रत्येकी १२ हजार रुपयांच्या शिक्षणखर्चाला त्या वेळच्या कलम ८८ खाली सूट देण्यात आली. २००५ मध्ये कलम ८०-सी आले आणि शिक्षण शुल्क एक लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत सामावले गेले. २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाख रुपये झाली. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून, त्यात ८०-सीची जागा कलम १२३ ने घेतली आहे.

या सवलतीच्या अटी पालकांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे. शिक्षण भारतातील शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठातील आणि पूर्णवेळ असावे लागते. बालवाडी व नर्सरीचे शुल्कही त्यात धरले जाते. मात्र विकास निधी, देणगी, बसभाडे, गणवेश आणि वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही. खासगी शिकवणी वर्गाचे शुल्कही बसत नाही. कॉलेज रोड व गंगापूर रोड परिसरातील प्रवेश परीक्षांच्या वर्गांना पालक मोठी रक्कम मोजतात. पण करकायद्याच्या दृष्टीने तो खर्च शिक्षणात मोडत नाही. दोन अपत्यांची मर्यादा प्रत्येक करदात्यासाठी स्वतंत्र असल्याने पती आणि पत्नी दोघेही करदाते असतील, तर दोघे आपापल्या नावाने भरलेल्या शुल्काची वजावट स्वतंत्रपणे घेऊ शकतात.

भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता आणि गृहकर्जाच्या मुद्दलाची परतफेड यांनाही हीच दीड लाखाची मर्यादा लागू आहे. त्यामुळे ज्याची मर्यादा भविष्य निर्वाह निधीतच भरून जाते, त्याच्या शुल्काच्या पावतीला जागाच उरत नाही.

दुसरी सवलत शिक्षण भत्त्याची. १९९० च्या दशकात ठरलेल्या नियमानुसार मालकाने दिलेल्या शिक्षण भत्त्यापैकी प्रतिअपत्य दरमहा १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी ३०० रुपये, तेही दोन अपत्यांपर्यंतच करमुक्त होते. १९६१ चा कायदा ज्या अखेरच्या वर्षाला लागू होता, त्या २०२५-२६ पर्यंत हा आकडा बदलला नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा शिक्षण भत्ता प्रतिअपत्य दरमहा २,२५० रुपये झाला आणि पुढे त्यातही वाढ झाली. करमुक्त रक्कम मात्र शंभरच राहिली. १ एप्रिल २०२६ नंतरच्या वेतनासाठी ही मर्यादा नव्या नियमांत पाहावी लागते.

तिसरी सवलत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची. कलम ८०-ई खाली उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या संपूर्ण व्याजाची वजावट परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत मिळत आली आहे. २००७ पासून तिच्यात मुलांच्या शिक्षणासाठी पालकांनी घेतलेल्या कर्जाचाही समावेश झाला. या वजावटीला रकमेची कमाल मर्यादा नाही आणि परदेशातील शिक्षणही तिच्या कक्षेत येते. त्यामुळे मुलाला शिक्षणासाठी जर्मनी किंवा अमेरिकेत पाठविणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही सर्वांत भरीव सवलत ठरते.

चौथी सवलत अपंगत्व असलेल्या पाल्याच्या पालकांसाठी आहे. कलम ८०-डीडी खाली ४० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास ७५ हजार आणि ८० टक्के वा अधिक असल्यास सव्वा लाख रुपयांची ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे तेथे विचारले जात नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र आवश्यक असते. महाराष्ट्राच्या व्यवसाय कर कायद्यानेही अशा पालकांना सूट दिली आहे. वर्षाला २,५०० रुपयांपर्यंतचा हा कर अनेकांच्या वेतनातून कापला जातो. सूट असल्याची माहिती नसेल, तर अपंग मुलांच्या पालकांच्या वेतनातूनही तो विनाकारण कापला जाऊ शकतो.

याखेरीज मुलीच्या नावाने काढावयाची सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे पोस्टात वा बँकेत खाते उघडता येते आणि वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत रक्कम भरता येते. भरलेल्या रकमेची वजावट केवळ जुन्या पद्धतीत मिळते. व्याज आणि मुदतपूर्तीची रक्कम मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे.

नव्या पद्धतीत मूल दिसत नाही

२०२० च्या अर्थसंकल्पाने कमी दरांची आणि वजावटींशिवायची नवी करपद्धती आणली. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती ठरली. जुनी हवी असल्यास करदात्याने तसे सांगावे लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत चार लाख रुपयांपर्यंत शून्य कर, त्यापुढे प्रत्येक चार लाखांच्या टप्प्याला पाच, दहा, पंधरा, वीस व पंचवीस टक्के आणि २४ लाखांपुढे ३० टक्के असे दर ठरविले. करपात्र उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असल्यास सूट देऊन कर शून्यावर आणण्यात आला. ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट धरता पावणेतेरा लाखांपर्यंत वेतन असलेल्याला करच भरावा लागत नाही.

या पद्धतीत शिक्षण शुल्क, शिक्षण भत्ता, शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि अपंग पाल्याची वजावट यांपैकी काहीही मिळत नाही. तरीही बहुसंख्य पगारदार पालकांना तीच किफायतशीर ठरते. वर्षाला १५ लाख रुपये वेतन असलेल्या दोन मुलांच्या पालकाचे उदाहरण घेता येईल. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाखाची ८०-सी वजावट, आरोग्यविम्याचे २५ हजार आणि व्यवसाय कराचे २,५०० रुपये वजा करून करपात्र उत्पन्न १२ लाख ७२ हजार ५०० रुपये उरते. त्यावर उपकरासह दोन लाख दोन हजार २० रुपये कर होतो. नव्या पद्धतीत केवळ ७५ हजार रुपये वजा होऊन १४ लाख २५ हजार रुपयांवर उपकरासह ९७ हजार ५०० रुपये कर येतो. फरक एक लाखाहून अधिक आहे.

याच वेतनावर दोन्ही पद्धतींचा कर समान व्हायचा असेल, तर प्रमाणित वजावटीखेरीज पाच लाख ४३ हजार ७५० रुपयांच्या वजावटी जमवाव्या लागतात. मोठ्या गृहकर्जाचे व्याज, घरभाडे किंवा शैक्षणिक कर्जाचे भरमसाट व्याज असेल, तरच हा आकडा गाठता येतो. दोन मुलांच्या शाळेचे शुल्क कितीही असले, तरी दीड लाखाच्या मर्यादेमुळे ते एकट्याने ही दरी भरून काढू शकत नाही.

म्हणजे नव्या पद्धतीने पालकांचा कर वाढविलेला नाही, उलट बहुतेकांचा कमी केला आहे. परंतु तो पालक म्हणून कमी झालेला नाही. शेजारच्या निपुत्रिक सहकाऱ्याचाही तो तेवढाच कमी झाला आहे. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाची सवलत मात्र या सोपेपणात गेली, ही या पद्धतीची बोचणारी बाजू आहे.

मुलाच्या नावावरील ठेव

करकायदा मुलांचा विचार करतो असे आणखी एक ठिकाण आहे; पण तेथे तो पालकांना सावध करण्यासाठी. १९९२ च्या वित्त कायद्याने अज्ञान पाल्याचे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविण्याची तरतूद केली. मुलाच्या नावे मुदत ठेव ठेवून कर वाचविण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. प्रत्येक अपत्यामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट ठेवण्यात आली. तीही केवळ जुन्या पद्धतीत मिळते. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर वा श्रमावर मिळविलेले उत्पन्न, उदाहरणार्थ चित्रपटातील भूमिका, गायन अथवा क्रीडा स्पर्धेतील पारितोषिक, पालकांच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. तथापि त्या पैशाची ठेव ठेवली, तर तिचे व्याज मात्र मिळविले जाते. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलालाही या नियमातून वगळले आहे.

फ्रान्सचे भाग, जर्मनीची तुलना

कुटुंबाला करआकारणीचे एकक मानणारा देश म्हणून फ्रान्सचे नाव प्रथम घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ च्या अखेरीस तेथे ही पद्धत आली. पती-पत्नीचे दोन भाग, पहिल्या दोन मुलांचे प्रत्येकी अर्धा भाग आणि तिसऱ्या मुलापासून प्रत्येकी एक पूर्ण भाग मोजला जातो. दोन मुलांच्या कुटुंबाचे तीन भाग झाले, की एकूण उत्पन्नाला तीनने भागून एका भागावरील कर काढतात आणि त्याला पुन्हा तीनने गुणतात. उत्पन्न विभागले गेल्याने ते खालच्या दराच्या टप्प्यात येते आणि कर घटतो. श्रीमंतांना याचा अवाजवी लाभ होऊ नये म्हणून प्रत्येक अर्ध्या भागामागील बचतीवर मर्यादा घातली आहे. २०२४ च्या उत्पन्नासाठी ती सुमारे १,८०० युरो होती.

जर्मनीने वजावट आणि थेट रक्कम यांची सांगड घातली आहे. प्रत्येक अपत्यामागे पालकाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा होते. २०२५ मध्ये ती २५५ युरो होती. वर्षअखेरीस कर कार्यालय स्वतःच हिशेब करून पाहते, की ही रक्कम लाभदायक की मुलांसाठीची वजावट. जे पालकाच्या हिताचे, तेच लागू होते. त्यासाठी पालकाला दोन पद्धतींचे गणित मांडावे लागत नाही. या व्यवस्थेमागे न्यायालयाचाही हात आहे. मुलाच्या किमान निर्वाहाला लागणाऱ्या उत्पन्नावर कर आकारता येणार नाही, असा निकाल जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९० मध्ये दिला होता.

ब्रिटन : वडिलांच्या वेतनातून आईच्या हाती

ब्रिटनमध्ये १९०९ च्या लॉइड जॉर्ज यांच्या गाजलेल्या अर्थसंकल्पात ५०० पौंडांखालील उत्पन्न असलेल्या पालकांना प्रत्येक अपत्यामागे दहा पौंडांची वजावट मिळाली. सुमारे सात दशके ही व्यवस्था चालली. मात्र तिचा लाभ प्रामुख्याने वडिलांच्या वेतनात दिसे आणि कर न भरणाऱ्या गरीब घरांपर्यंत तो पोचतच नसे. अखेर १९७७ ते १९७९ या काळात ही वजावट टप्प्याटप्प्याने मोडीत काढून प्रत्येक मुलासाठी थेट बालभत्ता सुरू झाला आणि तो सर्वसाधारणपणे आईच्या हाती देण्यात आला. २०२५-२६ मध्ये पहिल्या अपत्यासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढील प्रत्येकासाठी १७.२५ पौंड असा त्याचा दर होता.

२०१३ पासून अधिक उत्पन्नाच्या पालकांकडून हा भत्ता कराच्या रूपाने परत घेतला जाऊ लागला. २०२४ पासून ही वसुली ६० हजार पौंडांपुढे सुरू होते आणि ८० हजारांवर संपूर्ण भत्ता परत जातो. कुशल कामगार व्हिसावर तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना मात्र सामान्यतः हा भत्ता मिळत नाही. त्यांच्या व्हिसावर सरकारी साह्य न घेण्याची अट असते. ते कर भरतात, परंतु स्थायी निवासाचा हक्क मिळेपर्यंत बालभत्त्यापासून दूर राहतात.

अमेरिका आणि कॅनडा

अमेरिकेने १९९७ च्या कायद्याने प्रतिअपत्य करसूट आणली. ४०० डॉलरपासून सुरू झालेली ही रक्कम वाढत २०१७ च्या कायद्याने दोन हजार डॉलर आणि २०२५ च्या कायद्याने २,२०० डॉलर झाली. करोना काळात २०२१ या एका वर्षासाठी ती सहा वर्षांखालील मुलांना ३,६०० आणि मोठ्या मुलांना तीन हजार डॉलर करण्यात आली. कर शून्य असलेल्या कुटुंबांनाही ती पूर्ण मिळाली आणि निम्मी रक्कम दरमहा खात्यात जमा झाली. अमेरिकी जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार त्या वर्षी बालदारिद्र्याचे प्रमाण ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव सूट बंद झाल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. करकायद्यातील एका कलमाने लाखो घरांच्या परिस्थितीत किती फरक पडतो, याचे एवढे स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरात या नियमाचा वेगळाच पेच दिसतो. ही करसूट मिळण्यासाठी मुलाकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक असणे २०१८ पासून बंधनकारक आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला तो मिळतो. भारतात जन्मून आई-वडिलांसोबत गेलेल्या मुलाला एच-४ व्हिसावर तो सहसा मिळत नाही. त्यामुळे एकाच घरात नाशिकला जन्मलेल्या थोरल्यासाठी ५०० डॉलरची दुय्यम सूट आणि न्यू जर्सीत जन्मलेल्या धाकट्यासाठी २,२०० डॉलरची पूर्ण सूट, अशी स्थिती उद्भवते.

कॅनडाने २०१६ मध्ये जुन्या योजना एकत्र करून एकच करमुक्त मासिक बालभत्ता सुरू केला. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालील मुलामागे कमाल ७,९९७ आणि त्यापुढील मुलामागे ६,७४८ कॅनेडियन डॉलर मिळतात. उत्पन्न वाढेल तशी रक्कम घटते. तात्पुरत्या परवान्यावर गेलेले कुटुंबही १८ महिन्यांच्या वास्तव्यानंतर पात्र ठरते. अट एवढीच, की पती-पत्नी दोघांनीही दरवर्षी विवरणपत्र भरावे. उत्पन्न नसले तरीही. हा नियम माहीत नसल्यास नव्याने गेलेल्या कुटुंबाचा भत्ता रखडतो.

दुबई व अबुधाबीतील मराठी कुटुंबांचा प्रश्न याहून निराळा आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तिगत प्राप्तिकरच नसल्याने करसवलतीचाही प्रश्न येत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी मालक वेतनकरारात भत्ता देतो की नाही, यावर तेथील हिशेब अवलंबून असतो.

जन्मदरासाठी करसवलत

अलीकडच्या काळात काही देशांनी या सवलतींकडे लोकसंख्या वाढविण्याचे साधन म्हणून पाहिले आहे. हंगेरीने चार वा अधिक मुलांच्या मातांना २०२० पासून आजीवन प्राप्तिकरमुक्त केले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीन मुलांच्या मातांना आणि जानेवारी २०२६ पासून दोन मुले असलेल्या चाळिशीखालील मातांनाही ही सवलत लागू झाली. सिंगापूर पहिल्या अपत्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्यापासून प्रत्येकी २० हजार सिंगापूर डॉलरची करसूट देते. एके काळी एकच अपत्याचा दंडक घालणाऱ्या चीननेही २०१९ मध्ये शिक्षणखर्चाची वजावट आणली आणि २०२३ मध्ये ती प्रतिअपत्य दरमहा दोन हजार युआन केली.

भारतीय कायद्यातील दोन अपत्यांची मर्यादा या पार्श्वभूमीवर जुन्या काळाची खूण वाटू लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर प्रतिस्त्री १.७ होता. म्हणजे सर्वसाधारण घर या मर्यादेच्या आतच आहे.

करजाळ्याबाहेरची घरे

नाशिक जिल्ह्यापुरता विचार केला, तर या सर्व चर्चेला आणखी एक बाजू आहे. निफाड-दिंडोरीतील द्राक्ष बागाईतदार आणि लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा आणणारे शेतकरी यांचे शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. सुरगाणा व पेठ तालुक्यांतून मजुरीसाठी येणारी कुटुंबे आणि औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेपर्यंत पोचत नाही. या घरांतील मुलांसाठी करातील कोणतीही वजावट निरर्थक आहे. २०२४ मध्ये ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत देशभरात सात कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. १४० कोटींच्या देशात करमार्गाने मदत द्यायची म्हटले, तर ती किती थोड्या घरांपर्यंत पोचेल, हे यावरून लक्षात येते.

म्हणूनच महाराष्ट्रात मुलांसाठीचे सरकारी साह्य प्रामुख्याने थेट रकमेच्या रूपाने येते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याने लेक लाडकी योजना आणली. जन्मानंतर पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि वयाच्या १८ व्या वर्षी ७५ हजार, असे एकूण एक लाख एक हजार रुपये तिच्यासाठी मिळतात. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये दिले जातात.

याचा परिणाम असा, की गरीब घराला थेट योजनांचा आधार आहे आणि वरच्या उत्पन्नगटातील घराला, जुन्या पद्धतीत का होईना, वजावटीचा पर्याय आहे. या दोहोंच्या मध्ये असलेले, पांढऱ्या शिधापत्रिकेचे आणि वर्षाला आठ-दहा लाख रुपये मिळविणारे घर कर भरत नाही. पण मुलांच्या नावाने त्याला काही मिळतही नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी पती-पत्नीला एकत्रित विवरणपत्राचा पर्याय द्यावा, अशी सूचना केली होती. ती अर्थसंकल्पात स्वीकारली गेली नाही. स्वीकारली गेली असती, तरी तिच्यात केंद्रस्थानी दांपत्य होते, अपत्य नव्हे.

पालकांनी काय पाहावे?

- केवळ व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी विवरणपत्र भरताना करपद्धती निवडता येते. मालकाने नवी पद्धत धरून कर कापला असला, तरी मुदतीत विवरणपत्र भरून जुनी स्वीकारता येते. मुदत उलटल्यास जुनी पद्धत मिळत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना असे दरवर्षी बदलता येत नाही.
- मोठे शैक्षणिक कर्ज, गृहकर्ज किंवा अपंग पाल्य असलेल्या पालकांनी दोन्ही पद्धतींनी हिशेब करूनच निर्णय घ्यावा. इतरांना बहुधा नवी पद्धत फायद्याची ठरते.
- जुनी पद्धत निवडल्यास शाळेकडून शिक्षण शुल्क स्वतंत्र दाखविणारी पावती घ्यावी. पती-पत्नी दोघेही करदाते असल्यास शुल्क कोणाच्या खात्यातून भरायचे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे.
- अपंग पाल्याच्या पालकांनी व्यवसाय करातील सूट मिळण्यासाठी प्रमाणपत्र लेखा विभागाकडे द्यावे. ही सूट प्राप्तिकराच्या कोणत्याही पद्धतीशी निगडित नाही.
- मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज विवरणपत्रात दाखविण्यास विसरू नये.
- नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'आकारणी वर्ष' या संज्ञेची जागा 'कर वर्ष' या संज्ञेने घेतली आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याच्या क्रमांकांनुसारच भरावयाचे आहे.